दिसते, पण वाचता येत नाही

माझ्या दवाखान्यात तपासणीच्या खुर्चीपासून सहा मीटर अंतरावर देवनागरी अक्षरांचा एक तक्ता टांगलेला आहे. वर एकच ठसठशीत अक्षर आणि खाली क्रमाक्रमाने लहान होत जाणाऱ्या ओळी. चष्म्याची शंका आली की मी रुग्णाचा एक डोळा झाकते आणि वरून वाचायला सांगते. पंचवीस वर्षांत तक्ता दोनदा बदलला, पद्धत तीच राहिली.

काही वर्षांपूर्वी, पावसाळा ओसरत असताना, बांधकामावर बिगारी काम करणारी एक बाई आपल्या दहा वर्षांच्या मुलाला घेऊन आली. मुलगा चौथीत होता. "मॅडम, ह्याला फळ्यावरचं दिसत न्हाई. शाळेतल्या बाईंनी डोळं तपासून आणा म्हणून सांगितलंय," ती म्हणाली. मी मुलाला तक्त्यासमोर बसवले, उजवा डोळा झाकला आणि वरचे अक्षर विचारले. तो गप्प. रस्त्याच्या पलीकडूनही दिसावे एवढे मोठे ते अक्षर. मी त्याला निम्म्या अंतरावर आणले, तरीही गप्प. डावा डोळा झाकला, तोच प्रकार. मान खाली, पायाच्या अंगठ्याने फरशी उकरणे चाललेले. मी मनाशी मोठा नंबर ठरवला, कदाचित जन्मजात दोषही असेल असे वाटले, आणि एका मोठ्या रुग्णालयाच्या नेत्रविभागासाठी चिठ्ठी लिहून दिली.

दुसऱ्या दिवशी आईने कामाचा खाडा केला. दोन बसगाड्या बदलून मुलाला नेले, सकाळभर रांगेत बसली, आणि तिसऱ्या दिवशी कागद घेऊन माझ्यापुढे उभी राहिली. दोन्ही डोळ्यांची दृष्टी ६/६. तिथल्या डॉक्टरांनी अक्षरांचा तक्ता वापरलाच नव्हता. निरक्षर रुग्णांसाठी तीन दांड्यांच्या एकाच चिन्हाचा तक्ता असतो. त्या दांड्यांची टोके वर, खाली, डावीकडे की उजवीकडे आहेत, एवढेच रुग्णाने हाताने दाखवायचे असते. मुलाने शेवटची ओळदेखील बिनचूक दाखवली होती.

त्याला दिसत होते. जे दिसते त्याला काय म्हणतात, हे त्याला ठाऊक नव्हते. मी दृष्टी तपासते आहे अशा समजुतीत होते. प्रत्यक्षात तपासली ती अक्षरओळख, आणि निदान केले डोळ्यांचे. त्या चुकीपायी एका मजूर घराची दिवसाची मजुरी बुडाली. मी तिची क्षमा मागितली, तर तिला त्याचे काही वाटले नाही. डोळे शाबूत आहेत याचाच तिला आनंद. मग जाता जाता तिने विचारले, "मग वाचत का न्हाई ओ हा?"

या प्रश्नावर माझ्या कपाटात औषध नव्हते. पुढे ज्या गोष्टी मी पाहिल्या, शिकले आणि थोड्याफार केल्या, त्या येथे मांडते आहे. आरोग्याच्या पाक्षिकात वाचनाचा विषय कशाला, असे कोणाला वाटेल. परंतु शाळेच्या वेळी नेमके दुखणारे पोट, रविवारी नसणारी आणि सोमवारी उपटणारी डोकेदुखी, आठवीनंतर सुटलेली शाळा, आणि पुढे आई झाल्यावर जलसंजीवनीच्या पुड्यावरची कृती न वाचता पाव लिटर पाण्यात अख्खा पुडा कालवणारी तरुण मुलगी, हे सगळे माझ्याच दवाखान्यात येते. या दुखण्यांची मुळे पुष्कळदा दुसरी-तिसरीच्या वर्गात सापडतात.

मांजरीतली मुले

मांजरी आता पुण्यात आहे. २०२१ साली मांजरी बुद्रुक महापालिकेच्या हद्दीत आले, पण गावपण पुरते गेलेले नाही. एका अंगाला मुळा-मुठेच्या काठची शेती, द्राक्षांचे राष्ट्रीय संशोधन केंद्र, उसावर आणि साखरेवर काम करणारी वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट. दुसऱ्या अंगाला वीस-वीस मजल्यांच्या इमारती, आणि त्या उभ्या करणाऱ्यांच्या पत्र्याच्या वसाहती. पहाटे उपबाजारात भाजीच्या गाड्या रिकाम्या होतात, तिथे ओझी उचलणाऱ्यांचीही घरे जवळपासच आहेत. ही माणसे मराठवाड्यातून, सोलापूर आणि कलबुर्गीकडून, बिहार-उत्तर प्रदेशातून आलेली. कोणाच्या घरी कन्नड, कोणाच्या घरी हिंदी किंवा भोजपुरी, तांड्यावरून आलेल्यांच्या घरी गोरबोली. मूल पहिलीत एका गावी, दुसरीत ऊसतोडीच्या फडावर, तिसरीत मांजरीत. बाराखडीचा जो आठवडा चुकतो तो पुन्हा येत नाही. शाळा पुढे सरकते, वयानुसार मूलही पुढच्या वर्गात जाते, आणि चौथीच्या पुस्तकासमोर ते बसते तेव्हा त्याच्यापाशी पहिलीचीही शिदोरी नसते.

हे फक्त मांजरीचे दुखणे नाही. 'प्रथम' ही संस्था २००५ पासून 'असर' नावाचे सर्वेक्षण करते. स्वयंसेवक देशभरातल्या गावांत घरोघर जाऊन मुलांना एक साधा कागद वाचायला देतात: काही अक्षरे, काही शब्द, चार वाक्यांचा परिच्छेद, आणि दुसरीच्या पातळीची एक छोटी गोष्ट. ग्रामीण भारतातील पाचवीच्या मुलांपैकी ही दुसरीची गोष्ट २०१८ मध्ये सुमारे निम्म्या मुलांना वाचता आली. कोरोनाच्या शाळाबंदीनंतर, २०२२ मध्ये, हे प्रमाण सुमारे ४३ टक्क्यांवर घसरले. नंतर ते काहीसे सावरले. २०२१ साली केंद्र सरकारने 'निपुण भारत' अभियान सुरू केले, ते तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे यासाठी. दुखणे सरकारलाही मान्य आहे, हे त्यातल्या त्यात बरे.

अशा मुलाला आपण 'ढ' म्हणतो. ज्याला अक्षर येत नाही त्याला आपण अक्षरानेच हिणवतो, ही आपल्या भाषेतली एक क्रूर गंमत आहे. माझ्या अनुभवात ही मुले बहुधा चलाख असतात. वाचता येत नाही हे चार वर्षे वर्गात लपवून ठेवायला अक्कल लागते. त्या मुलाची वही मी नंतर मागवून पाहिली. धडे सुवाच्य उतरवलेले, एकही काना चुकलेला नाही, शेऱ्याच्या जागी 'छान' लिहिलेले. तो फळ्यावरून चित्र काढावे तसे धडे काढत होता. घरी आईला वही दिसे, तिला अक्षरे येत नसत. शाळेत बाईंना वही दिसे, चाळीस वह्यांत एका मुलाला मोठ्याने वाचायला लावण्याइतका वेळ त्यांना मिळत नसे. म्हणून पालकांना माझे पहिले सांगणे असते की वही पाहून समाधान मानू नका, मुलाला मोठ्याने वाचायला लावा. आणि ओळखीचा धडा देऊ नका, तो त्याला पाठ असतो. वर्तमानपत्राची एखादी ओळ द्या.

शेजारची ताई काय करू शकते

पुण्याला ही गोष्ट नवी नाही. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८५५ साली कष्टकऱ्यांसाठी रात्रीची शाळा चालवली होती. अलीकडच्या काळात रजनी परांजपे आणि बीना शेठ लष्करी यांनी १९८८ साली मुंबईत 'डोअर स्टेप स्कूल' सुरू केले आणि १९९३ पासून ते पुण्यातही आहे. शाळेने मुलांच्या उंबरठ्यापर्यंत जावे, हा त्यामागचा विचार. बांधकामांच्या आवारातले वर्ग, बसगाडीत भरणारी फिरती शाळा, आणि महापालिकेच्या शाळांतून पुस्तके वाचून घेण्याचा उपक्रम, असा त्यांचा व्याप पुण्यातल्या पुष्कळांनी पाहिला आहे. बांधकामाचा पत्रा ओलांडून आत गेले की मुले तिथेच असतात, हे त्यांनी आम्हाला फार आधी दाखवून दिले.

पण शेजारच्या बारावी झालेल्या मुलीने शिकवून खरेच फरक पडतो का? माझ्यासारखीला हा प्रश्न औषधासारखाच पडतो: गुण येतो हे कशावरून? याचे उत्तर मुंबईतूनच मिळालेले आहे. 'प्रथम'ने १९९०च्या दशकाच्या अखेरीस महापालिका शाळांत 'बालसखी' योजना आणली. वस्तीतलीच, शाळा पूर्ण केलेली एखादी तरुणी निवडायची, तिला सुमारे दोन आठवडे शिकवायचे, आणि तिसरी-चौथीतल्या मागे पडलेल्या पंधरा-वीस मुलांना तिने रोज दोन तास वेगळे घेऊन बसायचे. मानधन महिन्याला पाचशे ते साडेसातशे रुपये. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबई आणि वडोदरा येथे याची कसोटी घेतली, तीही नव्या औषधाची घेतात तशी: काही शाळांना बालसखी, काहींना नाही, आणि कोणत्या शाळांना ते चिठ्ठ्या टाकावे तसे यादृच्छिक पद्धतीने ठरवलेले. बालसखी मिळालेल्या शाळांतली मुले पुढे गेली, आणि सर्वांत जास्त फायदा सर्वांत मागच्या मुलांना झाला. २००७ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. बॅनर्जी आणि डुफ्लो यांना २०१९ मध्ये मायकेल क्रेमर यांच्यासह अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले, त्यामागच्या कामात अशा प्रयोगांचा वाटा होता.

यातली किल्ली एकच आहे. इयत्तेनुसार नव्हे, तर मूल जिथे आहे तिथून सुरुवात करायची. चौथीतल्या मुलाला अक्षरे येत नसतील तर अक्षरांपासून, मग तो पहिलीच्या मुलीशेजारी बसला तरी हरकत नाही. ऐकायला हे सोपे वाटते. प्रत्यक्षात नवा शिकवणारा पहिल्याच दिवशी चौथीचे पुस्तक उघडतो, कारण परीक्षा जवळ आलेली असते.

दुसरा एक अभ्यास मला अधिक शिकवून गेला. उत्तर प्रदेशातील जौनपूर जिल्ह्यात गावोगावच्या स्वयंसेवकांना वाचन शिकवण्याचे प्रशिक्षण दिले गेले आणि त्यांनी वर्ग घेतले. जी मुले वर्गाला आली त्यांच्यात ठळक सुधारणा झाली. मात्र वर्गाला आलेली मुले होती सुमारे ८ टक्के. औषध उत्तम, पण बाटली घरापर्यंत पोचलीच नाही.

आमच्या वर्गाची कथाही सुरुवातीला हीच होती. दवाखान्यामागे देवळाचा सभामंडप आहे. विश्वस्तांनी संध्याकाळचा एक तास दिला. आम्ही सहा वाजताची वेळ ठेवली. पहिल्या आठवड्यात चौदा मुले आली, तिसऱ्या आठवड्यात चार. आळस, अनास्था, व्यसनी बाप अशी कारणे आमच्यातल्या काहींना लगेच सुचली. वसाहतीत जाऊन विचारले तेव्हा कळले की सहाला पाण्याचा टँकर येतो आणि हंडे धरायला मुलेच लागतात. मोठ्या मुलींच्या कडेवर धाकटे भावंड असते, ते कोठे ठेवायचे? वेळ सव्वासातची केली, कडेवरच्यांनाही येऊ दिले, त्यांच्यासाठी कोपऱ्यात एक सतरंजी आणि रिकामे डबे ठेवले. आता अठरा-वीस मुले टिकून असतात. गोंगाट फार होतो. तो सोसावा लागतो.

हडपसर ते स्वारगेट

शिकवणारे आम्ही सहाजण. त्यांतले सर्वांत चांगले शिक्षक म्हणजे एक निवृत्त एसटी वाहक. मुले त्यांना 'कंडक्टरकाका' म्हणतात. आमचा अभ्यासक्रम खरे तर त्यांनीच रचला, आणि तो बसच्या पाट्यांवरून. मांजरीतल्या प्रत्येक मुलाने 'हडपसर' हा शब्द ऐकलेला असतो. पाच अक्षरे, काना नाही, मात्रा नाही, वेलांटी नाही. ही पाच अक्षरे ओळखू आली की मूल पहिल्याच आठवड्यात रस्त्यावरची एक खरी पाटी वाचते. पुढे 'मनपा', त्यात एक काना आला. मग आपले गाव 'मांजरी': काना, अनुस्वार आणि दुसरी वेलांटी. 'पुणे'मध्ये उकार आणि मात्रा. 'मगरपट्टा' आणि 'स्वारगेट' म्हणजे जोडाक्षरांचा घाट. तिथपर्यंत पोचायला बहुतेकांना तीन-चार महिने लागतात. काका कागदाची तिकिटे करतात, प्रत्येकावर एक शब्द. वाचता आला तर उतरायचे, नाही तर पुढच्या थांब्यापर्यंत प्रवास. मुले हसत हसत दहा वेळा तोच शब्द वाचतात. शाळेत तोच शब्द दहा वेळा लिहायला लावला की ती कंटाळतात.

मराठी शिकवताना काही अडचणी ठरलेल्या असतात. पहिली वेलांटी अक्षराच्या अलीकडे काढतात आणि तिचा उच्चार मात्र अक्षरानंतर करायचा. मुले इथे हमखास अडतात. घ आणि ध, भ आणि म, थ आणि य ही अक्षरे एकमेकांत मिसळतात. अशी जोडीतली अक्षरे एकाच दिवशी शिकवू नयेत, एक पक्के झाल्यावर आठवड्याने दुसरे घ्यावे. आणि एक चूक आम्ही शिकवणाऱ्यांची. मूल 'पाणी' हा शब्द पाहून 'पानी' म्हणते, आणि आमच्यातल्या एक शुद्धलेखनप्रिय ताई त्याला थांबवून तीनदा म्हणायला लावत. त्या मुलाने शब्द बरोबर वाचला होता. त्याच्या घरी त्याला पानीच म्हणतात. वाचनाची चूक आणि बोलीचा उच्चार यांत फरक न करणारा शिक्षक मुलाचे तोंड कायमचे बंद करू शकतो. प्रमाण उच्चार यायचा तेव्हा येईल.

दीड-दोन महिन्यांनी, अक्षरे जेमतेम जुळू लागली की, गोष्ट हातात द्यावी. सगळी बाराखडी पाठ होईपर्यंत थांबू नये. दोन ओळींची गोष्ट असली तरी चालते. 'प्रथम बुक्स'ने २०१५ पासून 'स्टोरीवीव्हर' या संकेतस्थळावर मराठीसह अनेक भाषांतल्या चित्रगोष्टी विनामूल्य ठेवल्या आहेत. आम्ही त्या छापून घेतो. एक वाचतो, बाकीचे बोट ठेवून ऐकतात, मग जोडीने, मग एकेकट्याने. शेवटी 'पुढे काय झाले असेल?' असा प्रश्न. हा प्रश्न गाळला तर मुले पोपटासारखी वाचायला शिकतात, आणि वहीतल्या त्या चित्रांचीच पुढची पायरी होते.

एक गोष्ट येथे स्पष्ट बोलावी लागेल. दर पंधरा ऑगस्टला आणि सव्वीस जानेवारीला आमच्या वर्गात पाहुणे येतात. कंपासपेट्या वाटतात, मुलांच्या खांद्यावर हात ठेवून छायाचित्रे काढतात, आणि पुन्हा दिसत नाहीत. त्या कंपासपेट्यांचा राग नाही. पण ज्या मुलाला दर वर्षी शाळा सोडून जाते, ज्याच्या शेजारचे घर दर सहा महिन्यांनी उठते, त्याला 'उद्या येईन' असे सांगून न येणारा आणखी एक मोठा माणूस देऊ नये. आठवड्यातून दोनच दिवस जमत असेल तर दोनच कबूल करावेत, आणि ते पाळावेत. पदवी लागत नाही. मराठी सहज वाचता यावे, आवाज चढवू नये, तासभर मोबाइल पिशवीत राहावा. वर्ग नेहमी उघड्या जागेत घ्यावा, दोन मोठी माणसे हजर असावीत, मुलाला एकट्याने घरी बोलावू नये. कोणावर संशय म्हणून नव्हे, ही शिस्त म्हणून पाळायची. छडी तर नाहीच. शिक्षण हक्क कायद्यानेच शाळेत मारण्याला बंदी आहे, ती आमच्या मंडपातही लागू.

आधी डोळे, कान आणि रक्त

आता माझ्या कामाचे. त्या पहिल्या मुलाच्या बाबतीत डोळ्यांना दोष देऊन मी चुकले, म्हणून उलट्या बाजूची चूक होऊ द्यायची नाही असे ठरवले. वर्गात येणाऱ्या प्रत्येक मुलाची पहिल्या पंधरवड्यात तपासणी होते. दवाखान्यात आता अक्षरांच्या तक्त्याशेजारी चिन्हांचा तक्ताही आहे आणि मुलांना मी तोच आधी दाखवते.

पुस्तक नाकाशी धरणे, डोळे बारीक करून पाहणे, ओळ सुटणे, वाचताना डोके एका बाजूला कलणे ही दृष्टिदोषाची लक्षणे आहेत. राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमात शाळकरी मुलांची नेत्रतपासणी होते आणि गरजूंना चष्मा विनामूल्य मिळतो. मिळालेला चष्मा वापरला जातो का, हे मात्र पाहावे लागते. मुलींच्या बाबतीत तर विशेष. 'चष्मेवालीला स्थळ कोण देईल' हे वाक्य मी आठ वर्षांच्या मुलीसंबंधी ऐकले आहे.

कानांकडे त्याहून दुर्लक्ष होते. नऊ वर्षांची एक मुलगी आमच्याकडे आली. 'प'ला 'ब' म्हणे, सांगितलेले एक आणि लिहिलेले भलतेच. शिकवणाऱ्या ताईंनी 'हिच्या डोक्यात शिरत नाही' असा निष्कर्ष काढला होता. दोन्ही कानांच्या पडद्यांना भोके होती. तान्हेपणापासून कान वाहत होता, घरचे कोमट तेल घालत होते. तेल बंद केले, कान कोरडे ठेवायला शिकवले, औषध दिले, कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे पाठवले; शस्त्रक्रियेला वर्ष लागले. तोवर तिला शिकवणाऱ्याच्या अगदी समोर, जो कान बरा त्या बाजूने बसवत होतो. एवढ्यानेच पंधरा दिवसांत तिचे 'प' आणि 'ब' वेगळे झाले. अक्षर हे आधी कानात तयार होते, मग डोळ्यांना दिसते. ज्याला दोन ध्वनींतला फरक ऐकूच येत नाही त्याने दोन अक्षरांत फरक कसा करावा? कान वाहणे ही किरकोळ गोष्ट समजू नका आणि कानात तेल घालू नका, एवढे तरी या लेखातून घरोघर पोचावे.

रक्तक्षयाविषयी हे पाक्षिक वारंवार लिहिते, म्हणून थोडक्यात सांगते. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील सुमारे ६९ टक्के मुलांत रक्तक्षय आढळला. ही मुले त्याच अवस्थेत शाळेत जातात. फिकट चेहऱ्याचे, संध्याकाळी सातला पेंगणारे मूल आळशी ठरवण्याआधी त्याचे हिमोग्लोबिन पाहावे. पाच ते नऊ वर्षांच्या मुलांसाठी लोहाची गुलाबी गोळी आठवड्यातून एकदा, आणि वर्षातून दोनदा जंतनाशक गोळी, या दोन्ही सरकारी योजनेत विनामूल्य आहेत. शाळेत गोळी वाटली त्या दिवशी मूल गैरहजर होते का, हे विचारावे. आमच्या मुलांत ते बहुधा गैरहजरच असते.

क्वचित एखादे मूल वाचता वाचता काही सेकंद एकटक थिजते आणि पुन्हा सुरू होते, असे दिवसात अनेकदा होते. त्याला तंद्री म्हणून टपली मारू नये. हा अपस्माराचा एक प्रकार असू शकतो आणि त्यावर चांगले औषध आहे.

आणि डिस्लेक्सिया? सुशिक्षित घरांत हा शब्द आता लवकर उच्चारला जातो, वस्तीत कधीच नाही. दोन्ही टोके चुकीची. अक्षरे न येणाऱ्या मुलाला आधी नीट शिकवले गेले होते का, हे विचारल्याखेरीज हे निदान करता येत नाही. आमच्याकडच्या बहुतेक मुलांना कोणी शिकवलेच नव्हते. शिकवल्यावर ती वाचू लागली. जे मूल तीन-चार महिने नियमित येते, डोळे-कान ठीक आहेत, बोलण्यात हुशार आहे आणि तरीही अक्षरे टिकत नाहीत, त्याला मी पुढे पाठवते. महाराष्ट्रात १९९६ पासून अशा मुलांना परीक्षेत सवलती आहेत, आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे. ठरवून दिलेल्या सरकारी रुग्णालयांतून तपासणी आणि प्रमाणपत्र मिळते. त्यासाठीही खाडे होतात. सोबत कोणी गेले तर आईचा जीव भांड्यात पडतो.

घरचा दहा मिनिटांचा वेळ

वस्तीतल्या आया मला म्हणतात, "आमालाच येत न्हाई, आमी काय शिकवणार?" मी त्यांना एवढेच सांगते की भाकरी थापताना त्याला शेजारी बसवा आणि मोठ्याने वाचायला लावा. तुम्ही फक्त ऐका आणि शेवटी गोष्ट काय ते विचारा. अक्षर न येणारी आईही चांगली श्रोती असते, आणि मुलाला श्रोता हवा असतो. घरातल्या भाषेत रात्री गोष्ट सांगत असाल, मग ती कन्नड असो की गोरबोली, तर ती थांबवू नका. तिचा शाळेच्या मराठीला उपयोगच होतो.

दुसरी एक विनंती सर्वच पालकांना. घरात कोणी इंग्रजी बोलत नाही, मुलाला मराठी वाचता येत नाही, आणि पोट मारून फी भरून ते इंग्रजी शाळेत घातलेले आहे, अशी मुले आमच्याकडे वाढत आहेत. त्यांना दोन्ही लिप्यांतला एकही शब्द वाचता येत नाही. बापाची हौस मी समजू शकते. पण जी भाषा मूल बोलते तीत त्याला आधी वाचू द्यावे, इंग्रजी पुढे लवकर येते.

अमेरिकेत बोस्टनच्या एका सार्वजनिक रुग्णालयात १९८९ साली बालरोगतज्ज्ञांनी तपासणीला येणाऱ्या लहान मुलांना एकेक पुस्तक द्यायला सुरुवात केली. 'रीच आउट अँड रीड' हा उपक्रम तिथून देशभर पसरला. बाळाला जन्मापासून मोठ्याने वाचून दाखवावे, असे तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ मध्ये सर्व पालकांना सांगितले. मीही आता लसीकरणाला येणाऱ्या बाळाच्या आईच्या हाती चित्रांचे पातळ पुस्तक ठेवते. किंमत खोकल्याच्या एका बाटलीपेक्षा कमी. खरे सांगायचे तर ती बाटली बहुतेक वेळा लागतही नाही.

तुमच्या घरी काम करणाऱ्या ताईंचे, इस्त्रीवाल्यांचे, सोसायटीच्या रखवालदाराचे मूल कितवीत आहे हे तुम्हाला बहुधा माहीत असेल. ते वाचते का, हे एकदा एका ओळीवर पाहावे. वाचत नसेल तर आठवड्यातले तीन संध्याकाळचे तास, एक अक्षरांचा डबा आणि 'हडपसर' एवढ्या भांडवलावर सुरुवात होते.

तो चौथीतला मुलगा आमच्याकडे पाच महिने आला. 'हडपसर' त्याने नवव्या दिवशी वाचले. 'मांजरी' दिवाळीनंतर. फेब्रुवारीच्या एका संध्याकाळी तो दवाखान्यात आला आणि न सांगता तक्त्यासमोर जाऊन बसला. स्वतःच हाताने एक डोळा झाकून त्याने वरपासून शेवटच्या ओळीपर्यंत अक्षरे वाचली, मग दुसरा डोळा झाकून पुन्हा. बाहेर बसलेल्या रुग्णांना उगाच ताटकळावे लागले.

मार्चमध्ये इमारत पूर्ण झाली आणि ठेकेदाराने ती माणसे चाकणकडे हलवली. निघायच्या आदल्या रात्री त्याची आई सांगायला आली. रुग्ण दुसऱ्या गावी जातो तेव्हा आम्ही डॉक्टर चिठ्ठी देतो: आजार काय, औषध कोणते, किती दिवस झाले. मी माझ्या नेहमीच्या कागदावर तशीच चिठ्ठी लिहिली. नव्या शाळेतल्या बाईंसाठी: सर्व मुळाक्षरे येतात. काना, मात्रा, वेलांटी, उकार जमतात. परिच्छेद अडखळत वाचतो. जोडाक्षरे आणि रफार बाकी. घ आणि ध अजून चुकतो. डोळे, कान उत्तम. हिमोग्लोबिन ११. कृपया पुस्तक मोठ्याने वाचून घ्यावे, उतरवून घेऊ नये.

आईने चिठ्ठी घडी करून पदरात बांधली. मुलगा म्हणाला, "मॅडम, मला दाखवा ना," आणि गाठ सोडवून ती त्याने दिव्याखाली वाचली. 'कृपया'वर थोडा अडला.

आता वसाहत सोडून जाणाऱ्या प्रत्येक मुलाला आम्ही असे कार्ड देतो. कंडक्टरकाकांनी त्याचा नमुना छापून घेतला आहे. एका बाजूला वाचनाची पातळी, दुसऱ्या बाजूला चष्म्याचा नंबर, कानांची अवस्था, जंतनाशक गोळीची तारीख. गेल्या वर्षी एकवीस कार्डे गेली. त्यांतली दोन परत आली, वाघोलीच्या आणि फुरसुंगीच्या शिक्षकांनी मागच्या कोऱ्या जागेत पुढची पातळी लिहून पाठवलेली.